लहान लीगमध्ये शेजारचा संघ बुडतो, तेव्हा दोष चाहत्यांच्या खुन्नसचा असतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील एका लहान शहरात राहतात आणि तेथे त्यांचे भारतीय किराणा मालाचे दुकान आहे. शहराच्या इनडोअर फुटबॉल (म्हणजे बंदिस्त क्रीडागृहात खेळल्या जाणाऱ्या अमेरिकन फुटबॉलच्या) संघाचे ते तीन वर्षे हंगामी पासधारक आहेत. दोन तासांच्या अंतरावरील ज्या संघाशी त्यांच्या संघाची जुनी खुन्नस होती, तो संघ यंदा हंगामाच्या मध्यावर बंद पडला. लीगने उरलेल्या तारखांना कोठून तरी गोळा केलेला एक हौशी संघ उभा केला, आणि आता दोन्ही गावांचे चाहते 'तुमच्यामुळेच हे झाले' असे एकमेकांना सुनावत आहेत. त्यांना दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. चाहत्यांच्या अशा वैरामुळे संघ बुडतात का, आणि त्यांच्या संघाचा मालक पुढच्या वर्षासाठी मागत असलेले ५,००० डॉलरचे प्रायोजकत्व द्यावे का?

मी मूळचा कोल्हापूरचा. गेली अठरा वर्षे मध्यपश्चिमेतील सहा हजार आसनांच्या एका बंदिस्त क्रीडागृहात (अरेनात) तारखांचे वाटप, भाडेकरार आणि सामन्याच्या दिवसाची व्यवस्था पाहतो. या काळात चार इनडोअर फुटबॉल संघ आमचे भाडेकरू झाले आणि त्यांपैकी तीन बुडाले. त्यामुळे पुढील मत प्रशिक्षकाचे किंवा खेळाडूचे नसून घरमालकाचे आहे, एवढे ध्यानात ठेवावे. भाडेकरूचे दिवस फिरल्याचे घरमालकाला गावाच्या आधी कळते, हा या जागेचा फायदा. मैदानावरचा खेळ निवांत पाहायला मिळत नाही, हा तोटा.

ज्या वाचकांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. जिम फॉस्टर यांनी १९८१ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बंदिस्त सॉकरचा सामना पाहताना एका लिफाफ्यावर या खेळाचा आराखडा काढला, आणि १९८७ साली चार संघांची अरेना फुटबॉल लीग सुरू झाली. आइस हॉकीच्या बर्फावर तक्ते टाकून त्यावर कृत्रिम हिरवळ अंथरतात आणि नेहमीच्या निम्म्या लांबीचे, ५० यार्डांचे मैदान तयार होते. अकराऐवजी आठ खेळाडू खेळतात. सीमारेषेच्या जागी गादी लावलेली भिंत असते आणि गोलखांबांच्या दोन्ही अंगांना जाळी ताणलेली असते. तिच्यावर आपटून परत आलेला चेंडू खेळातच राहतो. या जाळीचे पेटंट फॉस्टर यांना १९९० साली मिळाले आणि ते २००७ पर्यंत चालले. तोवर परवाना नसलेल्या इतर लीगना जाळीशिवाय खेळणे भाग होते, आणि म्हणूनच जाळीचा तो 'अरेना' आणि बिनजाळीचा तो 'इनडोअर' असे दोन पंथ पडले. आजही या दोन पंथांचे लोक आपला खेळ अस्सल आणि दुसऱ्याचा नकली असे हिरिरीने मांडतात, तेव्हा त्या वादाचे मूळ पेटंट कार्यालयातील एका कागदात आहे हे त्यांपैकी अनेकांच्या गावीही नसते.

आता मूळ मुद्दा. तुमचा प्रश्न चाहत्यांच्या भांडणाविषयी असल्यासारखा वाटतो, परंतु मला तो मालमत्तेचा प्रश्न वाटतो. लहान लीगमधील संघाकडे विकण्यासारखे काय असते? खेळाडू दरवर्षी बदलतात, दूरचित्रवाणीचे पैसे जवळपास नसतातच आणि अरेना भाड्याचे असते. दोन शेजारी गावांमधली खुन्नस ही एकच वस्तू अशी आहे, जी विकत आणता येत नाही आणि जिच्यासाठी लोक न सांगता तिकीट काढतात. ही मालमत्ता दोन गावांची असते, पण तिचे वेळापत्रक, तिची शाश्वती आणि पुष्कळदा तिचे नावसुद्धा लीगच्या हातात असते. वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेन शहराचा संघ २०१५च्या हंगामानंतर अरेना लीग सोडून इनडोअर फुटबॉल लीगमध्ये आला, तेव्हा 'शॉक' हे गावाला प्रिय असलेले नाव जुन्या लीगच्या मालकीचे निघाले आणि संघाला 'एम्पायर' असे नवे नाव घेऊन उभे राहावे लागले. गाव तेच, अरेना तेच, प्रेक्षकही तेच होते; नाव मात्र परक्याच्या तिजोरीत राहिले.

खुन्नसची किंमत किती, हे आकड्यांशिवाय पटत नाही, म्हणून एका कल्पित पण माझ्या अनुभवाशी जुळणाऱ्या संघाचा हिशेब मांडतो. हंगामात १४ सामने, त्यांपैकी ७ घरचे. सरासरी तिकीट १५ डॉलरचे. साध्या सामन्याला पैसे देऊन आलेले २,००० प्रेक्षक आणि शेजारच्या संघाविरुद्धच्या सामन्याला ४,०००. म्हणजे साध्या सामन्याला ३०,००० डॉलर आणि खुन्नसच्या सामन्याला ६०,००० डॉलर मिळतात. शेजारी वर्षातून दोनदा आपल्याकडे आला, तर तिकिटांचे उत्पन्न २,७०,००० डॉलर होते, आणि त्यांपैकी १,२०,००० डॉलर केवळ त्या दोन संध्याकाळी जमा होतात. खर्चाच्या बाजूला २५ खेळाडूंना सामन्यागणिक २०० डॉलर धरले तर १४ सामन्यांचे ७०,००० होतात. अरेनाचे भाडे, सुरक्षारक्षक आणि दारावरची माणसे यांचे प्रत्येक घरच्या सामन्याला १२,००० धरले तर ८४,०००. बाहेरच्या सात दौऱ्यांना बस, जेवण व मुक्काम यांचे प्रत्येकी ४,००० म्हणजे २८,०००. एकूण १,८२,००० वजा जाता ८८,००० डॉलर उरतात, आणि त्यांतून खेळाडूंच्या दुखापतींचा भरपाई विमा, त्यांच्या राहण्याची सोय, प्रशिक्षकांचा पगार, कार्यालयातील दोन-तीन माणसे, जाहिरात आणि लीगची वर्गणी भागवायची असते. ते भागत नाहीच. वरची भर प्रायोजक आणि मालकाचा खिसा घालतो.

आता शेजारी बुडाला असे धरा. त्याच्या दोन सामन्यांच्या जागी साधे सामने आले, तरी उत्पन्न ६०,००० डॉलरने घटले. शेजाऱ्याकडे जाणाऱ्या दोन बसफेऱ्यांऐवजी दूरच्या एखाद्या संघाकडे चाळीस माणसे विमानाने न्यावी लागली, तर एकेक दौरा ४,०००वरून १६,०००वर जातो, म्हणजे आणखी २४,००० गेले. ८८,००० मधून ८४,००० वजा झाले! मैदानावर एकही सामना न हरता, एकही चूक न करता तुमचा संघ मरणपंथाला लागतो. बदली म्हणून आलेला संघ हौशी असेल तर परिस्थिती याहून बिकट होते, कारण ८० विरुद्ध ६ अशा सामन्याला दुसऱ्यांदा कोणी येत नाही, आणि ज्याने पासाचे पैसे आधीच भरलेले असतात तो आपली फसवणूक झाली असेच म्हणतो. तुमच्या गावच्या लोकांचा राग मला यासाठीच रास्त वाटतो. तो चुकीच्या पत्त्यावर जातो आहे, एवढेच.

योग्य पत्ता कोणता, हे समजण्यासाठी लहान लीग आतून कशी असते हे पाहावे लागेल. लीग म्हणजे संघमालकांची भिशी, असे मी नव्या सहकाऱ्यांना सांगतो, आणि मग भिशी म्हणजे काय हेही सांगावे लागते. प्रत्येकाने वेळेवर वर्गणी भरली तर सर्वांचे भले होते. एकाने हात वर केले की बाकीच्यांचा हिशेब कोलमडतो. म्हणून भिशीत माणूस पारखून घेतात. लीगमध्ये नेमके उलटे घडण्याची ओढ असते, कारण मध्यवर्ती कार्यालयाचा खर्च बऱ्याच अंशी नव्या संघांच्या प्रवेश शुल्कावर चालतो. जुन्या सभासदांची वर्गणी थकली की नवे सभासद आणायचे, आणि नवे आणायचे तर फार चौकशी करायची नाही. पंचवीस वर्षांत जन्मलेल्या आणि विरलेल्या डझनावारी लीगच्या मुळाशी मला हीच एक गोष्ट वारंवार दिसते.

अल्बनीचे उदाहरण घ्या. न्यूयॉर्क राज्याच्या या राजधानीत अरेना फुटबॉलचे प्रेम जुने आहे. तेथील 'एम्पायर' संघाने २०१९ साली अरेना लीगचे अजिंक्यपद मिळवले, त्याच वर्षाअखेर ती लीग दिवाळखोरीत गेली, आणि त्याच नावाने पुन्हा उभ्या राहिलेल्या संघाने नॅशनल अरेना लीगमध्ये २०२१ आणि २०२२ अशी सलग दोन अजिंक्यपदे पटकावली. २०२३ साली एनएफएलचे, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या सर्वांत मोठ्या लीगचे, माजी खेळाडू अँटोनिओ ब्राउन मालकीत आले. त्यांचे वडील एडी ब्राउन हे अल्बनीच्या जुन्या 'फायरबर्ड्स'चे दैवत, त्यामुळे गावाने त्यांचे स्वागत कसे केले असेल याची कल्पना करता येईल. त्या हंगामात प्रशिक्षक बदलत गेले, वर्गणी थकली आणि १५ जून २०२३ रोजी लीगने संघाचे सदस्यत्वच रद्द केले. गतविजेता संघ हंगामाच्या मध्यावर नाहीसा झाला. येथे लीगचे चुकले असे मी म्हणणार नाही. थकबाकीदाराला काढणे हा तिचा अधिकार होता. परंतु ज्या लीगजवळ बुडत्या सभासदाचे उरलेले सामने पार पाडण्याइतकी रक्कम आधीच बाजूला काढून ठेवलेली नसते, ती थकबाकीदाराबरोबर त्याच्या सर्व प्रतिस्पर्ध्यांना आणि प्रेक्षकांनाही शिक्षा करते. ही रक्कम बँक हमीच्या रूपाने हंगामापूर्वी घ्यायची असते. तिच्याविषयी पुढे सांगतो.

दुसरे उदाहरण २०२४ सालचे, आणि ते याहून मोठ्या प्रमाणावरचे आहे. अरेना फुटबॉल लीग हे प्रतिष्ठेचे नाव पुन्हा उभे करून १६ संघांचा हंगाम एप्रिलअखेर सुरू झाला आणि मे महिन्यातच त्याचे तुकडे पडू लागले. काही संघ पहिल्या काही आठवड्यांत बंद पडले, काही बाहेर पडले, लीगचे प्रमुख (कमिशनर) ली हटन यांना जावे लागले आणि एनएफएलचे माजी प्रशिक्षक जेफ फिशर यांनी उरलेल्यांना घेऊन हंगाम कसाबसा तडीस नेला. अंतिम सामना मोंटानातील बिलिंग्ज आणि आमच्या कथेतील अल्बनीचा नवा संघ यांच्यात झाला, परंतु तो या दोन्ही गावांत न होता न्यू जर्सीतील एका मॉलच्या स्केटिंग रिंकवर झाला. बिलिंग्ज जिंकले. एखादे घराणे लग्न मोडता मोडता सांभाळते आणि मग वऱ्हाडाला जेवायलाच बोलवायचे विसरते, तशी ती संध्याकाळ मला वाटली. उरलेल्या संघांनी पुढच्या वर्षी 'अरेना फुटबॉल वन' या नावाने वेगळी चूल मांडली.

खुन्नस अति खाऊ घालूनही मरते, हे २०१८ साली दिसले. त्या वर्षी अरेना लीगमध्ये फक्त चार संघ उरले होते. बारा सामन्यांच्या हंगामात प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी चार वेळा गाठ, आणि चारही संघ बाद फेरीत. परिणाम असा की साखळीत १२ पैकी फक्त २ सामने जिंकलेला वॉशिंग्टनचा 'व्हॅलर' अंतिम सामन्यात बाल्टिमोरच्या 'ब्रिगेड'ला ६९-५५ असे हरवून विजेता ठरला. हे दोन्ही संघ एकाच उद्योगसमूहाच्या मालकीचे होते. वॉशिंग्टन आणि बाल्टिमोर ही एकमेकांना पाण्यात पाहणारी शहरे आहेत आणि कागदावर यापेक्षा चांगली जोडी शोधून सापडली नसती. परंतु दोन्ही खिसे एकाच कोटाचे आहेत हे ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला कोणाविरुद्ध ओरडायचे हेच कळेनासे होते.

याच्या उलट, खुन्नस नीट जपली तर काय होते याची दोन उदाहरणे मला मोलाची वाटतात. फ्लोरिडातील टँपा बे 'स्टॉर्म' आणि ओरलँडो 'प्रेडेटर्स' यांच्यात महामार्गाने सुमारे १३५ किलोमीटरचे अंतर. त्या महामार्गाच्या क्रमांकावरूनच या लढतींना 'वॉर ऑन आय-फोर' हे नाव पडले आणि १९९१ पासून पाव शतक ती चालली. १९९८चा अंतिम सामना टँपाच्या अंगणात खेळून ओरलँडोने ६२-३१ असा जिंकला, त्याची सल टँपाच्या जुन्या प्रेक्षकांच्या बोलण्यात वीस वर्षांनंतरही मी ऐकली आहे. ओरलँडोचा संघ २०१६च्या हंगामानंतर थांबला. टँपाने त्यानंतर एकच हंगाम काढला आणि डिसेंबर २०१७ मध्ये पाच अजिंक्यपदे नावावर असलेला तो संघही बंद झाला. केवळ शेजारी गेला म्हणून टँपा बुडाले असे म्हणणे धाडसाचे होईल, कारण तोवर लीगच पाच संघांवर आली होती. पण वरच्या हिशेबाशी हा क्रम विसंगत नाही.

दुसरे उदाहरण नेब्रास्कातील ओमाहा 'बीफ' या संघाचे, आणि माझ्या मते या व्यवसायातील सर्वांत शिकण्यासारखे आहे. हा संघ २००० साली सुरू झाला आणि २०२४ पर्यंत सात लीग बदलून बसला. पहिली इनडोअर फुटबॉल लीग, नॅशनल इनडोअर लीग, युनायटेड इनडोअर, मग पहिलीशी काही संबंध नसलेली दुसरी इनडोअर फुटबॉल लीग, त्यानंतर 'चॅम्पियन्स' नावाच्या एकापाठोपाठच्या दोन लीग, आणि शेवटी नॅशनल अरेना. लीग बुडाल्या किंवा सुटल्या, संघ राहिला. याचे एक कारण मला नकाशात दिसते. ओमाहा, सू सिटी आणि सू फॉल्स ही तीन गावे आय-२९ या एकाच महामार्गालगत आहेत. २००५ साली या तिन्ही गावांचे संघ, शेजारच्या लिंकनच्या संघासह, जुनी लीग सोडून एकत्रच नव्या लीगमध्ये गेले. त्यांनी घर बदलताना शेजारही बरोबर नेला. वेगवेगळ्या काळांत ते पांगले आणि काही पुन्हा भेटले, पण खुन्नस लीगच्या नावावर न ठेवता गावांच्या नावावर ठेवण्याचे शहाणपण त्यांच्याकडे होते.

आता चाहत्यांविषयी. ते अगदीच निर्दोष असतात असे मी म्हणणार नाही. या खेळात पहिल्या रांगेतील प्रेक्षक आणि खेळाडू यांच्यामध्ये फक्त ती गादीची भिंत असते, आणि खेळाडू तिच्यावरून उलटून प्रेक्षकांच्या मांडीवर पडणे हा नेहमीचा प्रकार आहे. अशा वेळी कोणी त्याच्या डोक्यावर बिअर ओतली किंवा शिरस्त्राण धरून ठेवले, तर दोन मिनिटांत मारामारी होते. पाहुण्या संघाच्या बाकामागची रांग आम्ही खुन्नसच्या सामन्याला विकतच नाही, आणि त्या दिवशी सहा रक्षक जास्त ठेवतो. खेळाडूंच्या घरच्यांना समाजमाध्यमांवर धमक्या देणारे महाभागही असतात आणि त्यांना अरेनात कायमची बंदी घातलेली मी पाहिली आहे. पण जादा रक्षकांचा खर्च एका सामन्याला हजार-दीड हजार डॉलरचा असतो आणि त्याच संध्याकाळी तीस हजार डॉलर जास्त जमा झालेले असतात. या कारणाने बुडालेला संघ माझ्या पाहण्यात नाही.

येथे मला माझ्या गावची आठवण होते. कोल्हापुरात पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या नेहमीच्या फुटबॉल (सॉकर) सामन्याला शाहू स्टेडियमवर काय वातावरण असते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना खुन्नस म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. तेथेही प्रकरण हातघाईवर आलेले आहे. पण पेठांमधले ते वैर पिढ्यान्‌पिढ्या टिकले, कारण पुढच्या हंगामात दोन्ही तालमी पुन्हा त्याच मैदानावर, त्याच केएसएच्या (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या) स्पर्धेत उतरणार याविषयी कोणाला शंका नसते. वैर टिकायला समोरचा टिकावा लागतो, आणि समोरचा टिकवणे हे काम प्रेक्षकांचे नसते.

तुमच्या गावात आता जे चालले आहे त्यासारखाच एक प्रसंग आमच्याकडे घडला होता. आमच्या पहिल्या भाडेकरू संघाच्या मालकाने दोन सामन्यांचे भाडे थकवले होते आणि करारानुसार मागील बाकी चुकती झाल्याशिवाय आम्ही दार उघडणार नव्हतो. गुरुवारी त्याने लीगला कळवले. लीगने पाहुण्या संघाला थांबवले, पण त्यांच्या चाहत्यांना कळवायचे कोणाच्याच डोक्यात आले नाही. शनिवारी दुपारी साडेचारला त्यांच्या दोन बस आमच्या वाहनतळावर येऊन थांबल्या. शंभरावर माणसे, अंगावर त्यांच्या संघाचे रंग, हातात ढोल. आमचे दोन-तीनशे लोक आधीच बंद दारासमोर उभे होते. पहिली वीस मिनिटे दोन्ही बाजूंनी शिव्याशाप झाले. मी कर्णा घेऊन बाहेर आलो आणि सामना होणार नाही असे सांगितले, तेव्हा दोन्ही बाजूंनी आपापल्या पावत्या काढून पाहिल्या. दोन्हींवर 'पैसे परत मिळणार नाहीत' ही एकच ओळ होती. त्यानंतर आमच्या लोकांनी गाड्यांमधून शेगड्या काढल्या, पाहुण्यांना जेवू घातले आणि डांबरी वाहनतळावर अंधार पडेपर्यंत दोन्ही गावांची पोरे आपसात खेळली. मला मात्र ती संध्याकाळ अभिमानाने सांगता येत नाही, कारण बाकी थकल्याचे मला दोन आठवडे आधीपासून ठाऊक होते. करार गोपनीय आहे या सबबीखाली मी गप्प बसलो होतो. त्यानंतरच्या प्रत्येक करारात मी असे कलम घातले आहे की सामन्याच्या ७२ तास आधीपर्यंत बाकी आली नाही, तर अरेना स्वतः जाहीर सूचना लावील.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे आणि ती मला दुरून पूर्ण दिसत नाही. मालकाचे स्वतःचे भांडवल किती, अरेना नगरपालिकेचे की खासगी, तुमच्या राज्यात खेळाडूंच्या भरपाई विम्याचे दर काय, यांवर बरेच काही ठरते. तरीही तुमच्या जागी मी असतो तर चार गोष्टी विचारल्या असत्या. पहिली, पुढच्या हंगामाचा भाडेकरार सही होऊन तयार आहे का. अरेना सार्वजनिक मालकीचे असेल तर नगर परिषदेच्या इतिवृत्तात ते कोणालाही पाहता येते. दुसरी, लीग प्रत्येक संघाकडून बँक हमी घेते का आणि तिची रक्कम एखादा संघ मध्येच बंद पडल्यास उरलेल्या सामन्यांचा खर्च भागवण्याइतकी आहे का. 'आमच्या लीगमध्ये सर्व मालक विश्वासू आहेत' असे उत्तर मिळाले तर ते 'नाही' असे समजावे. तिसरी, बसने चार तासांच्या आत पुढच्या वर्षी किती संघ असतील. निदान दोन तरी हवेत, कारण एकच असेल तर तुम्ही पुन्हा यंदाच्याच जागी येण्याची भीती आहे. चौथी, वेळापत्रक केव्हा जाहीर होणार. आमच्या अरेनात मार्चच्या तारखा आदल्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ठरतात. ज्या लीगचे वेळापत्रक जानेवारी उलटला तरी येत नाही, तिच्याकडे एकतर संघ नसतात किंवा तारखा नसतात. पत्रकार परिषदेत किती नव्या गावांची नावे घेतली गेली, याकडे मात्र मुळीच लक्ष देऊ नये.

आणि ही उत्तरे समाधानकारक मिळाली तरी ५,००० डॉलर एकरकमी देऊ नयेत. करारनाम्यात सात समान हप्ते लिहून घ्यावेत, म्हणजे प्रत्येक घरच्या सामन्यानंतरच्या सोमवारी सुमारे ७१५ डॉलर, आणि सामना लीगमधील नोंदणीकृत संघाशी झाला असेल तरच तो हप्ता देय होईल अशी अट घालावी. मालक कुरकुर करील. पैसे आधीच हवेत, हिरवळीचे भाडे भरायचे आहे, असे म्हणेल. तसे असेल तर पहिले दोन हप्ते आगाऊ द्यावेत आणि त्या बदल्यात बुडालेल्या शेजारी गावातील पासधारकांना तुमच्या पहिल्या सामन्याची तिकिटे निम्म्या दरात देण्याची मागणी करावी. त्यांच्यापैकी दोनशे जण जरी तुमच्या संघाविरुद्ध ओरडायला आले, तरी त्या संध्याकाळी तुमच्या दुकानाची पाटी पाहणारी दोनशे नवी माणसे अरेनात असतील.